तारीख कोणती?

१९९६ च्या पावसाळ्यात, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रारंभी, आम्ही चौघे विद्यार्थी एका तालुक्याच्या गावातील नागरी सहकारी पतसंस्थेच्या दप्तरात, लाल कापडी बांधणीच्या खतावण्यांच्या उतरंडीमागे बसलेल्या वयोवृद्ध हिशेबनिसांसमोर, हातात कोऱ्या वह्या आणि डोक्यात पाठ्यपुस्तकातील पहिल्या दोन प्रकरणांची ताजी उजळणी घेऊन उभे राहिलो, तेव्हा त्यांनी आमच्या यंत्राची किंमत विचारली नाही, वेग विचारला नाही, ते बंद पडल्यास काय करावयाचे हेही विचारले नाही, चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी एवढेच विचारले, "पोरांनो, तुमच्या त्या हिशेबात तारीख कोणती धरणार?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. तारीख ती तारीख, तिच्यात कोणती म्हणून विचारण्यासारखे काय आहे, असे चौघांच्याही चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेले असावे. कारण अण्णांनी (गावात त्यांना सगळे अण्णाच म्हणत, आम्हीही तेच म्हणू लागलो) उत्तराची वाट न पाहता पिग्मी ठेवीची एक खतावणी पुढे ओढली. दैनंदिन ठेव गोळा करणारा एजंट शनिवारी सायंकाळी दुकानादुकानांतून वसुली करतो आणि रक्कम सोमवारी सकाळी संस्थेत भरतो. ठेवीदाराच्या पुस्तकात शनिवारची तारीख पडते, संस्थेच्या रोजकीर्दीत सोमवारची. दोन्ही खऱ्याच. आता हा शनिवार मार्चअखेरचा असला, तर त्याच रकमेचे एक पाऊल जुन्या सालात आणि दुसरे नव्या सालात पडते, आणि मग व्याजाची आकारणी, तेरीज आणि ताळेबंद यांपैकी कोणासाठी कोणती तारीख प्रमाण मानावयाची याचा निवाडा कोणीतरी करावा लागतो. तो निवाडा त्या संस्थेत गेली वीस वर्षे अण्णा करीत आले होते. कोठेही लिहून न ठेवता. आमच्या वहीत तारखेसाठी एकच रकाना आखलेला होता.

आमच्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात शेवटच्या वर्षी तिघा-चौघांच्या गटाने एक प्रकल्प पुरा करावा, त्याचे टंकलिखित आणि बांधीव दस्तऐवज सादर करावे आणि बाहेरील परीक्षकासमोर तोंडी परीक्षा द्यावी असा दंडक होता, आणि तो थोड्याफार फरकाने आजही आहे. गट जमविण्याची रीत मात्र अभ्यासक्रमात सांगितलेली नव्हती. आमचा गट वसतिगृहातील एका खोलीचे तीन भागीदार आणि वर्गात कोणत्याच गटात न बसलेली एक मुलगी असा जमला होता. पतसंस्थेच्या हिशेबाची संगणक प्रणाली हा आमचा प्रकल्प होता. तिची कामे तिघांनी आपसात वाटून घेतली: एकाने माहिती भरण्याचे पडदे, दुसऱ्याने व्याजाची आकारणी, मी अहवालांची छपाई, आणि दस्तऐवज तेवढे तिच्याकडे दिले. तिचे अक्षर चांगले आहे, हे कारण आम्ही पुढे केले. खरे कारण असे की लिहिण्याचे काम आम्हाला हलके वाटत होते, आणि हलके काम कोणाकडे जाते याचा ठरलेला रिवाज घरातून आम्ही सोबत आणलाच होता. आज ते आठवले की संकोच वाटतो. कारण चौघांत सॉफ्टवेअर अभियांत्रिकी नावाची विद्या त्या वर्षी जर कोणी आचरली असेल, तर ती तिने. आम्ही तिघे फक्त प्रोग्राम लिहीत होतो.

आमच्याजवळ तीन फ्लॉप्या होत्या, प्रत्येकी १.४४ मेगाबाइटच्या. महाविद्यालयाच्या संगणक कक्षात पादत्राणे बाहेर काढून प्रवेश करावा लागे, आठवड्यातून दोन वेळा दोन-दोन तास यंत्र मिळे, आणि कक्षातील यंत्रावर ठेवलेले काम पुढच्या खेपेस तेथे सापडेल याची कोणी हमी देत नसे. सबब सारा प्रकल्प त्या तीन फ्लॉप्यांवरच नांदत होता. गटातील त्या मुलीचे वडील पंचायत समितीच्या कचेरीत बारनिशीवर होते. आवक-जावक हा शब्द तिने लहानपणापासून ऐकलेला. दुसऱ्याच आठवड्यात तिने एक लांबट नोंदवही आखून आणली: तारीख, फ्लॉपीचा क्रमांक, कोणी नेली, कोणत्या कारणास्तव, कोणकोणते फेरफार केले, परत केल्याची सही. आम्ही तिघे हसलो. एकाने तिला भाऊसाहेब म्हणावयास सुरुवात केली. तिने ते ऐकून न ऐकल्यासारखे केले आणि सही घेतल्याशिवाय फ्लॉपी देणे बंद केले.

अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी प्रोग्रामच्या आवृत्त्या सांभाळणारी आरसीएस नावाची प्रणाली त्याच्या चौदा-पंधरा वर्षे आधीच तयार केली होती, हे मला पुष्कळ उशिरा कळले. पंचायत समितीची बारनिशी मात्र तिच्याही आधीची.

येथे या विद्येच्या नावाविषयी थोडे विषयांतर करतो. 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' हे शब्द रूढ झाले ते ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे नाटो संघटनेच्या आश्रयाने भरलेल्या परिषदेमुळे. संगणक वाढत होते, त्यांवर चालवावयाच्या प्रणाली अवाढव्य होत होत्या, मुदती टळत होत्या, खर्च हाताबाहेर जात होता, आणि जमलेल्या सुमारे पन्नास तज्ज्ञांनी या अवस्थेला संकट म्हणावे की नाही यावर मनमोकळा खल केला. पूल बांधणाऱ्याजवळ जी शिस्त असते ती प्रोग्राम लिहिणाऱ्याजवळ नाही, ही खोच त्या नावातच मुद्दाम ठेवलेली होती. पुढे १९७० मध्ये विन्स्टन रॉइस यांनी आपल्या एका निबंधात मागणी, आराखडा, लेखन, चाचणी अशी एकाखाली एक उतरणाऱ्या पायऱ्यांची आकृती काढली, आणि लगेच पुढे ही रीत जशीच्या तशी राबविणे धोक्याचे आहे असेही सांगितले. आमच्या पाठ्यपुस्तकाने आकृती ठेवली आणि इशारा गाळला. धबधबा या नावाने ओळखली जाणारी ती आकृती सुबक काढून समजावून सांगा, हा प्रश्न मी विद्यार्थी म्हणून सोडविला, आणि खेदाने नमूद करतो, की पुढे प्राध्यापक म्हणून तो दोन वेळा परीक्षेत घातलाही आहे.

आता मूळ कथेकडे येतो.

दिवाळीपूर्वी आमच्या खोलीत खाणावळीच्या बिलावरून भांडण झाले. रक्कम फार तर साठ-सत्तर रुपयांची असेल, पण पडदे लिहिणारा आणि व्याज लिहिणारा या दोघांनी एकमेकांशी बोलणे टाकले, आणि एका खोलीत राहून, एका बादलीने आंघोळ करून, ते पाळले. निरोप माझ्यामार्फत जाऊ लागले. पडदे लिहिणाऱ्याला तारीख हा प्रकार पडद्यावर बसविताना त्रास होत होता, म्हणून त्याने तारखेचा रकाना साध्या अक्षरांचा करून टाकला: दिवस, तिरकी रेघ, महिना, तिरकी रेघ, सालाचे शेवटचे दोन आकडे. ही गोष्ट त्याने मला सांगितली. मी ती व्याज लिहिणाऱ्याला अशी सांगितली, "तारीख आता अक्षरांत आहे, तू तुझ्याकडे बदलून घे." त्याने मान डोलावली. आम्ही ज्यात प्रोग्राम लिहीत होतो त्या फॉक्सप्रोमध्ये अक्षरांची तारीख करून देणारी आज्ञा होतीच. सांगण्याची राहिली ती गोष्ट इतकी क्षुल्लक होती, की ती सांगावयाची आहे हेच तिघांपैकी कोणाला सुचले नाही: पडदे लिहिणाऱ्याने आपल्या प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत 'सेट डेट ब्रिटिश' असे लिहून दिवस आधी, महिना नंतर अशी आपली रीत लावून घेतली होती, व्याज लिहिणाऱ्याने तसे काहीच लिहिले नव्हते, आणि काही न लिहिल्यास फॉक्सप्रो अमेरिकन रीत धरतो, महिना आधी आणि दिवस नंतर.

मेल्विन कॉन्वे नावाच्या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९६८ मध्येच एका लेखात असे प्रतिपादन केले होते, की कोणतीही संस्था जी प्रणाली घडविते तिची रचना त्या संस्थेतील माणसांच्या परस्पर बोलण्याच्या रचनेची प्रतिकृती असते. मला हे वाचावयास मिळाले ते नोकरीला लागल्यावर. वाचले तेव्हा मोठ्या सिद्धांताचा साक्षात्कार वगैरे काही झाला नाही. खाणावळीचे बिल आठवले.

फेब्रुवारीत आम्ही तिघांची कामे एकत्र जोडली. प्रत्येकाचा भाग स्वतंत्रपणे चालत होता. प्रत्येकाने आपापल्या मनाने रचलेल्या नमुन्यांवर तो तपासलाही होता. व्याज लिहिणाऱ्याने आपले नमुने आपल्याच रीतीच्या तारखांनी भरल्यामुळे त्याचे व्याज पैशापर्यंत बरोबर येत होते. पतसंस्थेने शेजारच्या औषधविक्रेत्याचा संगणक दोन तासांसाठी मागून आणला होता. अण्णांनी मुदत ठेवींची मागील सहामाहीची खतावणी देऊन ठेवलीच होती. ती आम्ही दोन रात्री जागून भरली होती. मी छपाईची आज्ञा दिली, डॉट मॅट्रिक्स छापखान्यासारखा करकरू लागला, आणि जोडकागदांची लांब पट्टी अण्णांच्या टेबलावर उतरली.

अण्णांनी बेरीज आधी पाहिली नाही. ते पट्टी वरून खाली बोटाने वाचत गेले. मग म्हणाले, "बारा तारखेनंतर माझ्या संस्थेत कोणी ठेव ठेवतच नाही की काय?"

खरेच तसे होते. महिन्याच्या १३ पासून ३१ पर्यंतच्या सर्व ठेवी गायब होत्या. तेरावा महिना नसल्यामुळे फॉक्सप्रोने त्या तारखा कोऱ्या ठरविल्या होत्या आणि कोऱ्या तारखेचे खाते आमच्या मित्राच्या प्रोग्रामने अपुरी नोंद समजून ओलांडले होते. परंतु गायब झालेल्या ठेवींपेक्षा उरलेल्या अधिक घातक होत्या. ३ एप्रिलची ठेव ४ मार्चची समजली जाऊन तिला तीस दिवसांचे व्याज फुकट मिळाले होते. ४ मार्चची ठेव ३ एप्रिलची होऊन तितकेच व्याज बुडाले होते. ५ मे आणि ७ जुलै या ठेवी मात्र निर्दोष होत्या, आणि आम्ही एकत्र जोडल्यावर जी एकुलती एक चाचणी घेतली होती ती दुर्दैवाने ५ मेच्या ठेवीवर. त्यातच सालाचे दोनच आकडे ठेवल्यामुळे पाच वर्षांच्या एका ठेवीची मुदत २००१ ऐवजी १९०१ साली पूर्ण झालेली दिसत होती. म्हणजे ती ठेवली गेली तेव्हाच तिची मुदत संपून ९५ वर्षे झाली होती.

औषधविक्रेत्याचा मुलगा संगणक परत न्यावयास दारात उभा होता. पडदे लिहिणारा म्हणाला, माझे बरोबर आहे. व्याज लिहिणारा म्हणाला, माझेही बरोबर आहे. चार महिन्यांनी ते दोघे एकमेकांशी बोलले ते हे, आणि वाईट असे की दोघेही खरे बोलत होते. दोष कोणाच्याच प्रोग्राममध्ये नव्हता. तो दोघांच्या मधल्या जागेत होता, जी जागा कामे वाटताना कोणाच्याच वाट्याला गेली नव्हती. निरोप्या या नात्याने ती माझी होती असे आज मला वाटते. तेव्हा मीही गप्प राहिलो.

तिने नोंदवही उघडली. ११ नोव्हेंबर, फ्लॉपी क्रमांक २, फेरफार: तारखेचा रकाना अक्षरांचा केला, आधी दिवस, मग महिना. खाली पडदे लिहिणाऱ्याची सही. १८ नोव्हेंबर, तीच फ्लॉपी, फेरफार: तारीख अक्षरांतून बदलून घेतली. खाली दुसरी सही. लागोपाठच्या दोन ओळी. व्याज लिहिणाऱ्याने सही करताना वरची ओळ वाचली असती, तर त्याला कोणाशीही न बोलता सारे कळले असते.

दुरुस्तीला चार दिवस लागले. तारखेचे दोन रकाने केले, एक वसुलीचा, एक भरण्याचा, आणि साल चार आकड्यांचे केले. पहिल्या दिवशी अण्णांनी जे सांगितले होते तेच. पुढे तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी बांधीव दस्तऐवजाची पाने मोजली, धबधब्याची आकृती विचारली, चौघांना सारखे गुण दिले आणि चहा घेऊन ते पुढच्या गटाकडे गेले. नोंदवही दस्तऐवजात जोडावी असे तिचे म्हणणे होते; आमच्या मार्गदर्शकांनी ती हस्तलिखित असल्यामुळे नियमात बसत नाही असे सांगितले.

अध्यापनात मला आता चोवीस-पंचवीस वर्षे झाली. दरवर्षी सात-आठ गट माझ्या वाट्याला येतात. या अवधीत फ्लॉपी गेली, फॉक्सप्रो गेला, लायनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिहिलेली गिट ही आवृत्त्या सांभाळणारी प्रणाली सर्वत्र झाली; शहरातल्या गल्ल्यांत तयार प्रकल्प बांधीव दस्तऐवजासह विकणारी दुकाने निघाली, आणि मुले ते विकतही घेतात. विकत घेतलेला प्रकल्प ओळखणे अवघड नसते. त्यात भांडणाची एकही खूण नसते.

एका वर्षी मागे पडलेल्या चौघांच्या गटाला मी एक अतिशय हुशार पाचवा मुलगा जोडून दिला. वास्तविक आयबीएमच्या ओएस ३६० या प्रचंड प्रकल्पाचा अनुभव गाठीशी असलेल्या फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवले होते, की उशीर झालेल्या कामात माणसे वाढविली तर उशीर वाढतो. आणि हे मी वर्गात दरवर्षी शिकवीत होतो. चौघांत बोलण्याच्या वाटा सहा, पाचांत दहा, हे गणितही फळ्यावर मांडीत होतो. तरीही जोडून दिला. त्या गटाचे तीन आठवडे नव्या मुलाला जुने समजावून देण्यात गेले, आणि चौथ्या आठवड्यात त्याने सारे पुन्हा नव्याने लिहावे असा प्रस्ताव आणला.

याहून मोठी चूक मला सांगितली पाहिजे. गिटमध्ये प्रत्येक फेरफार कोणी, केव्हा केला याचा रोजनामा आपोआप तयार होतो, आणि तो हाती आल्यावर सारखे गुण वाटण्याच्या जुन्या अन्यायातून आपण सुटलो असे मला वाटले. एका गटाने ग्रामीण रुग्णांच्या नोंदी ठेवणारी प्रणाली केली होती. रोजनाम्यात एका मुलाचे नाव अवघे दोनदा होते, त्यातले एक शुद्धलेखनाच्या दुरुस्तीसाठी. मी त्याचे गुण कापले. त्याने तक्रार केली नाही. निकालानंतर त्याच्या सोबतची मुलगी मला भेटून म्हणाली, "सर, तो दर गुरुवारी बसने दवाखान्यात जाऊन बसायचा. सिस्टरबाई रुग्णाचं नाव कशा लिहितात, एकाच नावाच्या दोघी आल्या तर काय करतात, हे सगळं तोच आम्हाला येऊन सांगायचा. आम्ही फक्त टाइप केलं." गुणपत्रक विद्यापीठात रुजू झाले होते. मी फेरविचाराचा अर्ज मुदतीत करून घेतला, दोन वेळा खेटे घातले, आणि तो नामंजूर झाला. तेव्हापासून मी गटांकडून रोजनाम्याखेरीज आणखी एक वही मागतो, हातानेच लिहिलेली, ज्यात कोणी कोणाला काय विचारले आणि काय उत्तर आले एवढेच असते. मुले ती शेवटच्या रात्री एकटाकी लिहून आणतात. शाई एकच दिसते. काही मात्र खरी असतात, आणि ती मी ठेवून घेतो.

जुलै महिन्यात नवा गट येतो, तेव्हा मी चौघांना चार कोऱ्या चिठ्ठ्या देतो आणि त्यांच्या विषयातला अगदी साधा शब्द एकमेकांकडे न पाहता समजावून लिहावयास सांगतो. गेल्या वर्षीच्या गटाला वसतिगृहाच्या हजेरीची प्रणाली करावयाची होती. मी 'गैरहजर' हा शब्द दिला. एकाने लिहिले, रात्री दहाला खोलीत नसलेला. दुसऱ्याने लिहिले, सही न केलेला. तिसरीने लिहिले, परवानगी न घेता गेलेला. चौथ्याने विचारले, "सर, घरी गेलेला धरायचा का?" चिठ्ठ्या मी त्यांच्यासमोर टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या. पहिली पंधरा मिनिटे चौघे वाद घालत होते. मग वसतिगृहाच्या रेक्टरांना विचारावयास उठून गेले, आणि तासाभराने पाचवे उत्तर घेऊन परत आले.

अण्णा २००८ साली वारले. संस्थेने पुढे एका व्यावसायिक कंपनीची प्रणाली घेतली. आमची त्यांनी दीड वर्ष वापरली होती. दीड वर्ष म्हणजे पुष्कळ झाले. ती मुलगी आता परदेशात एका मोठ्या प्रकल्पात आवृत्त्यांच्या व्यवस्थापनाचेच काम पाहते. मागे भारतात आली होती तेव्हा तिने आपली नोंदवही मला देऊन टाकली, आणि देताना शेवटचे पान उघडून दाखविले. १४ एप्रिल १९९७, फ्लॉपी क्रमांक ३, कारण: अंतिम छपाई. परत केल्याच्या सहीचा रकाना कोरा आहे, आणि फ्लॉपी नेणाराचे नाव माझे आहे.